गिअर जुळवण्याआधी हँगर सरळ करा

गिअर नीट पडत नाहीत म्हणून माझ्याकडे सायकल येते, तेव्हा मी केबलला हात लावत नाही. आधी मागे उकिडवी बसून हँगर बघते. लालबागच्या आमच्या चाळीत सायकली जिन्याखाली एकमेकींवर रेललेल्या असतात. कुणी स्कूटर काढताना धक्का लागतो, सायकल उजव्या अंगावर पडते, कुणीतरी उचलून ठेवतं आणि विषय संपतो. लोकलच्या सामानाच्या डब्यात पाट्या-गोण्यांखाली दबूनही हेच होतं. रंगावर ओरखडा दिसत नाही, पण डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा मागचा भाग, ज्या छोट्या तुकड्यावर लटकलेला असतो तो हँगर आत वळलेला असतो. हा हँगर बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो आणि मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे मार त्याने खावा आणि फ्रेम वाचावी.

ओळखायचं कसं? केबलचा ताण कमी-जास्त करणारा बॅरल ॲडजस्टर फिरवून वरचे गिअर जुळवले की खालचे कुरकुरतात, खालचे जुळवले की वरचे उड्या मारतात. असं झालं की केबलशी झगडत बसू नका. यातला खरा धोका वेगळा आहे. हँगर आत वळला असेल तर पेडर रोडच्या चढावर सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकताच डिरेलरचा पिंजरा, म्हणजे त्याच्या दोन छोट्या पुल्या धरणारा भाग, आऱ्यांत जाऊ शकतो. मग हँगर, डिरेलर, आरे सगळंच जातं, शिवाय मागचं चाक जागीच अडकतं. म्हणून शंका आली की तपासून होईपर्यंत ते चक्र वापरूच नका.

एवढ्याशा वाकण्याने इतका गोंधळ का होतो, तर दहा स्पीडच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या दहा चक्रांच्या संचात, एका चक्रापासून दुसरं जेमतेम ४ मिलिमीटरवर असतं आणि बारा स्पीडमध्ये त्याहूनही कमी. हँगर किंचित कलला तरी खालची पुली तेवढी सहज सरकते. सात स्पीडच्या सायकली पुष्कळ सहन करतात.

पहिली तपासणी डोळ्यांनी. चेन मधल्या चक्रावर ठेवा आणि सायकलच्या बरोबर मागे, कॅसेटच्या उंचीवर डोळे आणून बघा. डिरेलरच्या दोन्ही पुल्या वरच्या चक्राच्या सरळ रेषेत खाली उतरल्या पाहिजेत. खालची पुली आऱ्यांकडे झुकलेली दिसली तर बहुतेक हँगरच. पिंजरा वाकला असेल किंवा डिरेलरचे सांधे झिजले असतील तरी तसंच दिसतं, त्यामुळे पक्का निकाल गेजच देतो.

गेज म्हणजे लांब दांडा. एका टोकाला हँगरमध्ये बसणारे आटे, दुसऱ्या टोकाला रिमपर्यंत पोचणारी सरकती काडी. तो लावण्याआधी सायकल जमिनीवर उभी करून मागचं चाक सैल करा, खाली दाबून पूर्ण बसवा आणि पुन्हा आवळा. चाक तिरकं बसलं असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतात. हँगरचे स्वतःचे स्क्रूही घट्ट आहेत ना ते बघा. मग ५ मिमीच्या ॲलन कीने डिरेलर सोडवा. वरळी सी फेसला रोज फिरणाऱ्या सायकलींचा हा बोल्ट खाऱ्या हवेने धरलेला असतो. आधी भेदक तेल सोडून थांबा, ॲलन की पूर्ण आत बसवूनच जोर लावा. आटे जुन्या टूथब्रशने पुसा आणि गेज हातानेच फिरवून बसवा. अडला तर परत काढा. बहुतेक हँगरचे आटे १० मिमीचे, १ मिमी पिचचे असतात आणि ॲल्युमिनियममध्ये ते एकदा चुकीच्या जागी कापले गेले की संपलं.

आता रिमवर एक खूण धरा, व्हॉल्व्ह सगळ्यात सोपा. उजव्या बाजूने बघताना व्हॉल्व्ह घड्याळाच्या नऊच्या जागी आणा, दांडा तिथे न्या आणि काडी रिमला नुसती टेकेल अशी ठेवा. मग चाक अर्धं फिरवून व्हॉल्व्ह तीनला आणा, दांडाही तिकडे न्या. मध्ये फ्रेमच्या नळ्या आड येतात, म्हणून काडी बाहेर ओढून, दांडा पलीकडे नेऊन पुन्हा तेवढीच आत सारायची. काडीवरची रबराची रिंग त्यासाठीच असते. तसंच बारा आणि सहा. प्रत्येक वेळी रिमची तीच जागा मोजायची, म्हणजे चाक थोडं डगमगत असलं तरी फरक पडत नाही.

चारही ठिकाणच्या मापांत ४ मिमीपर्यंतचा फरक चालतो असं साधारण मानतात. मी अकरा-बारा स्पीडला २ च्या आत आणल्याशिवाय सोडत नाही. उजव्या अंगावर पडलेल्या सायकलीत बहुधा सहाच्या जागी काडी रिमला आपटते आणि बाराला फट राहते. तेव्हा दांडा सहाला ठेवून, एक हात फ्रेमवर घट्ट धरून, दांडा हळूहळू बाहेर ओढा. हिसका नको. ॲल्युमिनियम थोडं परत येतं, म्हणून हव्या त्या जागेच्या जरा पुढे न्यावं लागतं. थोडं ओढा, मोजा, पुन्हा थोडं. आधी बारा-सहा जुळवा, मग तीन-नऊ, आणि शेवटी चारही परत.

ओढताना हँगर अचानक हलका लागला तर लगेच थांबा आणि बोल्टच्या भोकाजवळ टॉर्च मारून तडा शोधा. तडा दिसला किंवा आटे ओढले गेले असतील तर नवीनच घाला. आधी एकदा सरळ केलेला हँगर पुन्हा वाकला तरी मी बदलायलाच सांगते. आकार शेकड्याने आहेत, म्हणून दुकानात जाताना जुना सोबत न्या आणि एक जादा घेऊन सीटखालच्या पिशवीत टाका. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला यूडीएच हा एकाच आकाराचा हँगर अनेक कंपन्यांच्या फ्रेमला चालतो, तुमच्याकडे तो असेल तर शोधाशोध वाचते. हँगर जर स्टीलच्या फ्रेमचाच भाग असेल तर बदलणं नाही, पण स्टील बरंच सोसतं.

गेज नसेल तर क्विक रिलीजचं (पान्याशिवाय, खटका फिरवून निघणारं) जादा मागचं चाक कुणाकडून मागून आणा. बऱ्याच मागच्या ॲक्सलचे आटे हँगरच्याच मापाचे असतात. ॲक्सलचं टोक हाताने हँगरमध्ये फिरवायचं आणि दोन रिममधलं अंतर चारही बाजूंनी पट्टीने मोजायचं. हाताने जात नसेल तर जबरदस्ती करू नका, ते माप वेगळं आहे.

डिरेलर परत लावताना बोल्टला ग्रीस लावा, पावसाळ्याआधी तर नक्कीच. मग आधी आतला लिमिट स्क्रू, म्हणजे डिरेलरला फार आत जाण्यापासून अडवणारा स्क्रू, बघा: चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर असताना डिरेलर हाताने आत ढकलला तरी आऱ्यांकडे जाता कामा नये. त्यानंतरच केबलचा ताण जुळवायला घ्या.