माथेरानच्या जंगलातील सोप्या पायवाटा

लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी यांना घेऊन डोंगरमाथ्यावरील जंगलात चालायचे असेल, तर माथेरानसारखे सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवरील या पठारावर खासगी मोटारींना प्रवेश नसल्यामुळे मुले निर्धास्तपणे चालू शकतात. मात्र घोड्यांची ये-जा असल्याने मुलांना वाटेच्या कडेने चालायला सांगावे. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवल्यावर बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालावे लागते. घरात कोणाला हे अंतर जड वाटत असेल, तर जवळच्या अमन लॉज रेल्वे स्थानकातून छोटी आगगाडी पकडावी आणि पायांतील बळ जंगलासाठी राखावे.

पहिल्याच दिवशी सगळे पॉइंट उरकण्याचा अट्टहास नको. बाजारपेठेतून शार्लोट तलाव, पिसारनाथाचे देऊळ आणि तेथून इको पॉइंट ही वाट दाट सावलीची आणि फारशी चढ-उताराची नसलेली आहे. जांभळाच्या फांद्यांवर शेकरू दिसण्याची शक्यता असल्याने अधूनमधून वर पाहावे. वन ट्री हिलची उतरण मात्र लहानग्यांसाठी टाळलेली बरी.

तांबड्या मातीची धूळ कपड्यांना चिकटते, म्हणून पांढरे कपडे नकोत. पावसाळ्यात हीच वाट शेवाळाने निसरडी होत असल्याने खाचदार तळव्यांचे बूट आवश्यक आहेत. खाऊ बंद पिशवीतच ठेवावा, कारण येथील माकडे हातातील पुडा बिनदिक्कत हिसकावतात.