नवं बालनाट्य करणाऱ्यांना साथ देताय? या चुका टाळा

१९५९ साली सुधा करमरकरांच्या लिटल थिएटर या बालनाट्य संस्थेनं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, तेव्हा नाटकाचे लेखक रत्नाकर मतकरी जेमतेम विशीत होते. त्या वयाच्या लेखकावर कुणीतरी विश्वास टाकला, म्हणून मराठी बालरंगभूमीला पुढची कित्येक वर्षं लिहिता हात मिळाला. आजही विशी-पंचविशीतली मुलं-मुली लहानांसाठी काही नवं करू बघतात. त्यांना मदत करायला संस्था, शाळा, ज्येष्ठ रंगकर्मी पुढे येतात, आणि तरीही अनेक नाटकं दोन-तीन प्रयोगांत मिटतात. बरेचदा गडबड नाटकात नसते, मदत करण्याच्या पद्धतीत असते.

विषय ठरवून नाटक मागवणं

‘पाणी वाचवा’, ‘स्वच्छता’, ‘मोबाइलचे दुष्परिणाम’. पैसे देणाऱ्यांकडून असा विषय आला की लेखक शेवटापासून मागे लिहायला लागतो. मग शेवटच्या प्रवेशात आजोबा येतात, चार वाक्यं सांगतात आणि खोडकर मुलगा सुधारतो. मुलांना हे आजोबा दुरूनच ओळखू येतात. विषयाऐवजी मुलांना सतावणारा प्रश्न मागा. नवीन शाळेत डबा एकट्यानं का खावा लागतो? आई-बाबा भांडतात तेव्हा मी कुठे जाऊ? बर्लिनच्या ग्रिप्स या मुलांसाठीच्या थिएटरनं नाटकं उभी केली ती अशाच प्रश्नांवर. १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाट पुण्यात आणली. त्यात मोठी माणसं लहान मुलांच्या भूमिका करतात आणि गोष्ट मुलांच्या बाजूनं सांगितली जाते. नव्या मंडळींना ती नाटकं जरूर दाखवा, पण तशीच करा असा आग्रह नको.

मुलं थेट पहिल्या प्रयोगालाच दिसणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दीड-दोन महिने तालीम मोठ्यांसमोर चालते, मोठेच हसतात, मोठेच सूचना करतात. मग भरल्या नाट्यगृहात विसाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते आणि सगळे गांगरतात. तोवर नेपथ्य तयार असतं, गाणी ध्वनिमुद्रित झालेली असतात, बदल करायला कुणाच्या हातात काही उरत नाही.

शाळा म्हणून तुम्हाला एकच गोष्ट देता येत असेल तर ही द्या: तालमीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तीस-चाळीस मुलांचा एक वर्ग आणि एक तास. सेट नको, वेशभूषा नको. कच्ची पंधरा-वीस मिनिटं करून बघू द्या. त्या वेळी दिग्दर्शकाशेजारी वही घेऊन बसा आणि नाटकाकडे पाठ करून मुलांकडे बघा. कोणत्या वाक्याला माना वळल्या, कुठे कुजबुज सुरू झाली, ते टिपा.

समजा, गावाहून आलेलं आजीचं पत्र नायिका उभी राहून वाचते. पत्र सुंदर लिहिलंय, पण मुलं सतरंजीचे दोरे ओढायला लागली आहेत. लेखिकेला ‘पत्र लहान कर’ असं सांगून फार फरक पडणार नाही. पत्र पिठाच्या डब्यात लपलेलं असेल, आणि ते सापडतं नुकती अक्षरं शिकणाऱ्या धाकट्या भावाला, तर? तो ‘मा... झ्या... ला...’ करत अडतो आणि समोरची मुलं पुढचं अक्षर ओरडून सांगतात. मजकूर तोच राहिला, फक्त रंगमंचावर काहीतरी घडायला लागलं.

आणखी काही दुखणी नेहमी दिसतात. अंधार झाल्यावर लहानगी रडत असतील तर पूर्ण ब्लॅकआउट काढा, मंद उजेडात सगळ्यांसमोरच सामान हलवा. गाण्यानंतर मुलं आवरत नसतील तर नटानं ‘शांत बसा’ म्हणून ओरडू नये. आवाज खाली आणून हातानं काही बारीक काम सुरू करावं, नजरा परत येतात. ‘मागे बघ, मागे बघ!’ असा गलका झाला तर घाबरू नका. नटाला तिथे थांबायला, ऐकायला शिकवा.

खेळ संपल्यावर ‘आवडलं का?’ विचारू नका. सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो आणि हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना सांगा, काल गैरहजर असलेल्या मुलाला बाकीच्यांनी गोष्ट सांगू दे. सांगताना जिथे सगळे अडखळतात, तिथे संहिता सैल आहे.

‘वयोगट ५ ते १५’

जाहिरातीसाठी सोयीचं, लिहिणाऱ्यासाठी घातक. पाच वर्षांच्या मुलाला चेटकीण खरी वाटते, बारा वर्षांच्या मुलीला तिचा मेकअप दिसतो. तीन-चार वर्षांचा टप्पा ठरवायला लावा.

भाड्याला पैसे, माणसांना नाहीत

नाट्यगृहाचं भाडं, सेट, बॅनर यांची बिलं लगेच मंजूर होतात. लेखकाचं मानधन, तालमीची जागा, नटांचा येण्याजाण्याचा खर्च यांना मात्र रकानाच नसतो. निम्मी रक्कम संहिता आणि तालमीसाठी आधी द्या, उरलेली प्रयोगांसाठी. पैसे नसतील तर संध्याकाळी रिकामा पडलेला हॉल द्या. पंख्याची आणि किल्लीची सोय असली की पुरे.

कागदपत्रांची आठवणही वेळेत करून द्या. संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र नव्या गटांना अनेकदा ऐनवेळी आठवतं. व्यावसायिक कार्यक्रमात मुलं काम करणार असतील तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही. तालमीचं वेळापत्रक याच हिशेबानं आखायला लावा.

स्पर्धेनंतर पाठ फिरवणं

राज्य बालनाट्य स्पर्धेनं असंख्य मुलांना रंगमंच दाखवला, तिचं मोल मोठं आहे. पण स्पर्धेसाठी बसवलेलं नाटक परीक्षकांसमोर एकदा होतं आणि करंडक कपाटात गेला की संहिताही फायलीत जाते. बालनाट्य दहाव्या-बाराव्या प्रयोगाला सापडू लागतं. म्हणून बक्षिसाइतकीच रक्कम शाळांमधल्या प्रयोगांसाठी बाजूला ठेवा.

ज्येष्ठांनी संहिता हातात घेणं

अनुभवी माणसाला दोष लगेच दिसतो आणि हात शिवशिवतो. तिसऱ्या बैठकीपर्यंत नाटक त्यांचंच होऊन बसतं, नवी लेखिका गप्प होते. मार्गदर्शकानं प्रश्न विचारावेत: हे पात्र आत्ता काय मिळवायला धडपडतंय? हे मुलांना कुठून कळलं? उत्तर तिला शोधू द्या, वेळ लागला तरी. तिनं केलेला बदल तुम्हाला पटला नाही, तर तो मुलांसमोर करून बघायला सांगा. आणि शाळेत प्रयोग संपल्यावर माइक हातात घेऊन ‘तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?’ असं विचारू नका, मुख्याध्यापकांनाही आधीच तशी विनंती करून ठेवा.