सीमाभागात मानसशास्त्र शिकवताना: सगळ्या मुलांना वर्ग आपला वाटावा म्हणून

बेळगाव परिसरात समुपदेशनाचं किंवा क्लिनिकल मानसशास्त्राचं प्रशिक्षण देणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. आपल्या वर्गात खानापूरची मराठी मुलगी असते, बैलहोंगलचा कन्नड मुलगा असतो, कॅम्पातली घरी उर्दू बोलणारी असते. चर्चा इंग्रजीत चालते आणि इंग्रजी शाळेतले दोघंतिघंच बोलतात. बाकीच्यांना सुचत नाही म्हणून ते गप्प असतात, असं अजिबात नाही.

सुरुवात केस मांडण्यापासून करा. पेशंट जे बोलला ते त्याच्याच भाषेत आधी फळ्यावर लिहायचं: ‘रात्री छातीवर कोण बसल्यागत वाटतंय, जीव घाबरा हुतोय.’ पहिली दहा मिनिटं निदानाचं नाव कुणी घ्यायचं नाही. हे बोलताना खोलीत सासू होती का, नवरा गोव्याला कामाला आहे का, एवढंच बोलायचं. एरवी मागं बसणारी मुलं इथं तोंड उघडतात, कारण असं घर त्यांनी पाहिलेलं असतं.

पण मग ‘आमच्याकडं असंच असतं’ हेही सुरू होतं, आणि तिथं थांबवावं लागतं. मेलानी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये सांस्कृतिक नम्रतेची कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकून घेतली की झालं, असं नसतं; स्वतःला तपासणं आणि आपल्या हातातल्या सत्तेचं भान ठेवणं आयुष्यभर चालतं, हा तिचा गाभा. म्हणून विचारा, ‘हे पेशंटनं सांगितलं की तुझ्या माहितीतलं?’ नोंदवहीत दोन्हीसाठी वेगळे रकाने ठेवा. ‘यल्लम्माचा कोप झालाय’ असं कुणी म्हणालं तर ते तसंच लिहायचं. कोणाकडं दाखवलं, कशानं बरं वाटलं, हे विचारायचं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेतल्या सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न यासाठी चांगले आहेत, फक्त ते वाचून दाखवायचे नाहीत.

सगळ्यात जास्त सराव एका प्रश्नाचा घ्या. मराठी पेशंट पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, ‘तुम्ही कानडी काय?’ नवशिका कन्नड मुलगा इथं गडबडतो, विषय बदलतो, आणि पेशंट आतून बंद होतो. सरळ उत्तर द्यायला शिकवा: ‘होय, घरी कन्नड बोलतो. मराठी समजतं, अडलं तर तुम्हालाच विचारीन. चालेल का?’ भूमिका बदलून कन्नड पेशंट आणि मराठी विद्यार्थिनी असाही सराव हवा. पेशंट ‘नको’ म्हणाला तर थेरपिस्ट बदला. विद्यार्थ्याचा एकही गुण कापू नका, आणि त्याच दिवशी त्याच्याशी बोला. तो नकार लागतोच.

दुभाषा म्हणून मुलांना ओढून नेत असाल तर ते तास त्यांच्या प्रशिक्षणात धरा, नाहीतर त्यांच्याच केसेस मागं पडतात. पेशंटच्या पोराला दुभाषा करू नका.

चाचण्या शिकवताना व्ही. व्ही. कामत यांचं काम जरूर सांगा. १९३४ मध्ये त्यांनी बिने या बुद्धिमापन चाचणीची जी सुधारित आवृत्ती मांडली, ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीच होती. हा आपल्या भागाचा वारसा आहे, मुलांना तो कळला पाहिजे. मात्र मूल कुठं एका भाषेतून दुसरीत गेलं, हे अहवालात लिहायला लावा.

१ नोव्हेंबरला इकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, तिकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन. त्या दिवशी परीक्षा किंवा गटचर्चा ठेवू नका आणि ‘तुमच्या लोकांचं काय म्हणणं?’ असं कुणालाच विचारू नका. ओळख करून घेताना आडनाव आणि गल्लीही विचारू नका. जात काढायची ती जुनी वाट आहे.

तुमच्याविषयीची तक्रार मात्र तुमच्याकडे येऊ देऊ नका. लहान वर्गात निनावी चिठ्ठीही अक्षरावरून आणि लिपीवरून ओळखू येते. धारवाडची किंवा कोल्हापूरची, गुण देण्याशी संबंध नसलेली व्यक्ती वर्षातून दोनदा बोलवा, तिला मुलांशी एकेकट्यानं बोलू द्या आणि तिनं सांगितल्यावर काय बदललं ते महिन्याभरात मुलांना कळवा.