बीपीची गोळी आणि दोर: डोंगरावर जाणाऱ्यांनी या चुका टाळा

रविवारी रात्री नऊला नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करून घरी पोचलो, अंघोळ केली आणि सहज म्हणून बीपी मोजलं. ११२/७०. गोळी सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. मला वाटलं, डोंगराने काम केलं. सोमवारपासून गोळी बंद. दीड महिन्याने एका मोहिमेसाठी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला गेलो, तर डॉक्टरांच्या मशीनवर १७२/१०६. त्या दीड महिन्यात मी तीनदा दोरावर लटकून आलो होतो. ना डोकं दुखलं, ना चक्कर आली.

त्याला आता बारा वर्षं झाली. गोळी चालू आहे, डोंगरही चालू आहे. एवढ्या वर्षांत माझ्या आणि बरोबरच्यांच्या ज्या चुका पाहिल्या, त्यातल्या बहुतेक कड्यावर झालेल्याच नव्हत्या. त्या गुरुवारी-शुक्रवारी घरी किंवा बसमध्ये झाल्या होत्या, शनिवारी कड्यावर फक्त दिसल्या. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती, कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांना काय विचारायचं, हे डोंगरावर जाणाऱ्यालाच ठाऊक असायला हवं.

ट्रेकहून आल्यावरचा आकडा खरा मानणं

मोठी दमछाक झाली की रक्तवाहिन्या पुढचे काही तास सैल राहतात, घामाने अंगातलं पाणीही कमी झालेलं असतं. त्यामुळे त्या रात्री बीपी छान दिसतं. तो आकडा त्या दिवसाचा असतो, तुमचा नव्हे. नियमित व्यायामाने बीपी खरोखर उतरतं आणि काहींची गोळी कमीही होते, पण ते आठवड्यांच्या नोंदी पाहून ठरतं.

नोंद अशी ठेवा: सलग सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाआधी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकवलेला. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. चढाई करणाऱ्यांचे दंड जाड असतात आणि मशीनबरोबर येणारा पट्टा पुष्कळदा तोकडा पडतो. तोकडा पट्टा आकडा फुगवून दाखवतो, म्हणून मोठा पट्टा वेगळा मागवा. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. वरचा आकडा १६० च्या पुढे असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत जोराचा व्यायाम नको, असं युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. लिंगाण्याचा सुळका कुठे पळून जात नाही.

प्रवासाच्या गडबडीत गोळी चुकवणं

शुक्रवारी रात्री अकराची गाडी, पहाटे चारला पायथ्याचं गाव, अंधारात चहा, की निघालो. गोळ्या कुठे? टूथब्रशच्या पिशवीत. ती पिशवी कुठे? गाडीत ठेवलेल्या मोठ्या बॅगेत. ही चूक इतकी साधी आहे की तिच्याकडे लक्षच जात नाही. मी आता तीन दिवसांच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवतो: सॅकच्या वरच्या कप्प्यात आणि कमरेच्या पाऊचमध्ये.

काही जण मात्र मुद्दाम चुकवतात, आणि त्याला कारणही असतं. लघवी जास्त होणारी गोळी (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, टेल्मिसार्टनच्या जोडगोळीतही ती बऱ्याचदा असते) घेऊन सात तास बसमध्ये बसायचं, नंतर उघड्या कड्यावर आडोसा शोधायचा, हे बायकांना किती कठीण जातं ते आमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणींकडून मी ऐकलं आहे. त्या संकोचाने डॉक्टरांना सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी गाळतात. सांगा. वेळ पुढेमागे करता येते, कधी औषधही बदलता येतं.

मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी मात्र मनाने कधीच थांबवू नका. ती एकदम बंद केली की अॅड्रिनलिनने (भीती-ताणात अंगात सुटणाऱ्या संप्रेरकाने) हृदय नेहमीपेक्षा जास्त उसळी घेतं, आणि कड्याच्या टोकाशी पाठ करून उभं राहिल्यावर अॅड्रिनलिनच तर वाढतं. याच गोळीमुळे नाडीचा वेग दाबला जातो, म्हणून घड्याळातल्या नाडीवरून ‘अजून भरपूर दम आहे’ असं समजू नका. चढताना एक पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय का ते पाहा. येत नसेल तर वेग कमी करा.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी आणखी एक. लघवीची गोळी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहे आणि नेमबाजी, तिरंदाजीसारख्या काही खेळांत बीटा ब्लॉकरही. उपचारासाठी सूट मिळण्याची सोय आहे, पण अर्ज आधी करावा लागतो.

गुडघ्यासाठी पेनकिलर, सर्दीसाठी कुठलीही गोळी

मला सर्वांत जास्त काळजी या चुकीची वाटते, कारण ती मायेपोटी होते. मुक्कामी कुणाचा गुडघा दुखायला लागला की चार हात चार पाऊचमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन पुढे करतात. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात. त्यापुढचा धोका मूत्रपिंडाला आहे. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, सोबत लघवीची गोळी, त्यावर हे पेनकिलर, आणि दिवसभर पाणी कमी पडलेलं, हे सगळं एकत्र आलं की मूत्रपिंड अचानक दगा देऊ शकतं. एप्रिलमध्ये अलंग-मदन-कुलंग करताना नेमकी हीच जुळणी होते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं का, हे डॉक्टरांना आधी विचारून तेच पाऊचमध्ये ठेवा.

सर्दीच्या गोळ्यांमधलं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन नाक मोकळं करतं ते रक्तवाहिन्या आवळून. वेष्टनावर नाव वाचा. एनर्जी ड्रिंकचा डबा गडमाथ्यावर नको.

‘दम धर!’ शब्दशः घेणं

खालून बिले देणारा (चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा) ओरडतो, ‘दम धर, दम धर!’ आणि वरचा खरोखर श्वास कोंडतो. दात आवळून, श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब क्षणात उसळतो. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून जड वजनं उचलताना दाब मोजला होता. दोन्ही पायांनी वजन रेटताना सरासरी ३२०/२५० भरला. ते वजन आपण उचलत नाही, पण कातळाला बोटांनी चिकटून श्वास कोंडताना शरीर तीच युक्ती करत असतं.

घट्ट मूठ हाही असाच प्रकार आहे. स्नायू आवळून तसाच धरून ठेवला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि नाडी फारशी न वाढताही बीपी चढतं. घड्याळाला ते दिसत नाही. नवखी माणसं रॅपलिंग करताना (दोरावरून कडा उतरताना) दोर मोडेल इतका आवळतात, हरिहरच्या पायऱ्यांवर खोबणीत बोटं रुतवून बसतात. मला कामी आलेला उपाय साधा आहे: अवघड हालचालीच्या क्षणी तोंडाने आवाज करत श्वास सोडायचा. ओळीतल्या सगळ्यांना ऐकू आला तरी चालेल. प्रत्येक चांगल्या पकडीवर एक हात खाली सोडून झटकायचा. वजन पायांवर. आमच्या ग्रुपमध्ये आता ‘दम धर’ म्हणत नाहीत, ‘श्वास सोड’ म्हणतात.

मीठ आणि पाण्याचा उलटा हिशेब

घरी लोणचं, पापड, फरसाण चालूच, आणि डोंगरावर मात्र ‘बीपी आहे, मीठ नको’ म्हणून नुसतं पाणी. हा हिशेब उलटा आहे. मीठ घरी कमी करायचं असतं. उन्हात आठ-नऊ तास घाम गाळताना, त्यात लघवीची गोळी चालू असताना, नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. अशा लांब दिवसासाठी ओआरएस किती चालेल ते डॉक्टरांना विचारून पुड्या जवळ ठेवा.

पाणी कमी पडलं की बीपीची गोळी घेणारा उभ्या उभ्या कोसळू शकतो. नागफणीच्या कड्यावर रॅपलिंगच्या रांगेत तासभर हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा-मांड्यांचा पट्टा) घालून उन्हात उभं राहिलेल्या माणसाला मी असंच खाली बसताना पाहिलं आहे. सगळे म्हणाले, ‘घाबरला.’ तो घाबरला नव्हता, सकाळपासून जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायला होता. रांगेत सावलीला बसा. उठताना आधी पिंढऱ्या हलवा, मग उठा.

लीडरपासून लपवणं

फॉर्मवर ‘काही आजार नाही’ लिहिलं जातं, कारण लोकांना भीती वाटते की नेणार नाहीत. चांगला लीडर आटोक्यातलं बीपी ऐकून नाही म्हणत नाही. तो तुम्हाला रांगेत पुढे घेतो आणि रॅपलिंगला खाली दोर धरायला अनुभवी माणूस ठेवतो. वरच्याला भोवळ आली तर खालच्याने दोर जोरात ताणून धरला की उतरणारा जागीच थांबतो. पण त्याला लक्ष कुणाकडे ठेवायचं हे माहीत हवं ना!

समुद्रात तर लपवाछपवी आणखी महाग पडते. तारकर्लीला स्कूबाच्या फॉर्मवर बीपीचा प्रश्न असतो, कारण पाण्याखाली अंगावर पडणाऱ्या दाबामुळे बीपी असलेल्यांच्या फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका जास्त असतो. लेहला उंचीमुळे पहिले काही दिवस बहुतेकांचं बीपी चढतं. तिथे चढ्या आकड्याने घाबरून डबल गोळी घेऊ नका. निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

वर असताना बिघडलं तर

भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, की आधी अँकरला (दोर बांधलेल्या पक्क्या आधाराला) स्वतःला सुरक्षित अडकवा आणि बसा. जागा असेल तर आडवं करून पाय वर. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी. माणूस दोरावर लटकलेला असतानाच बेशुद्ध झाला, तर काही मिनिटांत खाली घ्यायलाच हवा. हार्नेसमध्ये निश्चल लटकणं स्वतःच जीवघेणं आहे.

‘बीपी वाढलं असेल’ म्हणून जास्तीची गोळी नको. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची जुनी पद्धत डॉक्टरांनी सोडली आहे, कारण दाब एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. कुणाच्या तरी पाऊचमधली सॉर्बिट्रेटही (छातीदुखीत जिभेखाली ठेवायची गोळी) अंदाजाने देऊ नका.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, जीभ अडखळते, किंवा छातीत आवळल्यासारखं होतंय: चढाई तिथेच संपली. सुरुवात किती वाजता झाली ते लिहून ठेवा. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्या गडांवरून खाली यायलाच त्यातले दोन-तीन जातात. तोंडाने काही देऊ नका.

१०८ ची रुग्णवाहिका पायथ्याच्या रस्त्यापर्यंतच येते. तिथपर्यंत माणूस गावकरी आणि बचावपथकाची पोरंच आणतात. म्हणून शुक्रवारी निघतानाच तीन गोष्टी कागदावर लिहून पाऊचमध्ये ठेवा: ज्या घरी चहा घेणार त्या घरचा फोन, जवळच्या सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलचं नाव, आणि तुमच्या गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसकट. वर रेंज कुठल्या टप्प्यावर मिळते, तेही त्या घरी विचारून घ्या.