औषध मारूनही कोंबड्यांच्या उवा परत येतात? या चुका टाळा

परसातल्या कोंबडीला उवा झाल्या की गोचिडाच्या औषधाची बाटली आणली जाते, सगळ्या कोंबड्या एकदा बुडवून काढल्या जातात. आठ दिवस बरे जातात आणि तिसऱ्या आठवड्यात कोंबडी पुन्हा शेपटीखाली चोच घालून खाजवताना दिसते. मग ‘औषधच बोगस’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा औषध चांगलंच असतं. ते चुकीच्या जागी पडलेलं असतं, नाहीतर एकदाच पडलेलं असतं.

कीड न ओळखता बाटली उघडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गावाकडं अंगावरच्या सगळ्याच किडीला ‘उवा’ नाहीतर ‘पिसवा’ म्हणतात, पण त्यांचे मुक्काम वेगळे असतात. उवा चोवीस तास कोंबडीच्या अंगावर राहतात, तिथंच अंडी घालतात आणि कोंबडीपासून सुटल्या की आठवडाभरात मरतात. लाल माइट (टाचणीच्या टोकाएवढा रक्त पिणारा किडा) आणि कोंबडीचा गोचीड यांचं उलट आहे. ते दिवसा खुराड्याच्या फटीत बसतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. म्हणजे उवा असतील तर कोंबडीवर मेहनत घ्यायची, लाल माइट किंवा गोचीड असेल तर खुराड्यावर. हे उलटं केलं की पैसे वाया.

ओळखायला दहा मिनिटं पुरतात. कोंबडी उलटी धरा, शेपटीखालची पिसं फुंकर मारून दूर करा. पिवळसर, चपटे, दोन-तीन मिलिमीटरचे किडे उजेड पडताच पळत सुटले, आणि पिसाच्या बुडाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे गठ्ठे चिकटलेले दिसले, तर त्या उवा आणि लिखा. तिथलीच पिसं मळकट काळी दिसत असतील आणि टाचणीच्या टोकाएवढे करडे-काळे ठिपके तुमच्या हातावर चढू लागले, तर ते अंगावर राहणारे माइट. चिमण्या, साळुंख्या, कबुतरं यांच्या घरट्यांतून ते येतात. छपराच्या वळचणीला घरटं असेल तर ते रिकामं झाल्यावर काढून टाका.

दिवसा कोंबडीवर काहीच सापडत नाही, पण तुरा फिका पडलाय, अंडी कमी झालीत आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला कुरकुर करतात? मग रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा. बसायच्या दांडीची खालची बाजू पांढऱ्या कागदानं घासा. कागदावर लाल रेघा उमटल्या तर त्या रक्त प्यायलेल्या माइटच्या.

आणि प्रत्येक उघडी त्वचा म्हणजे कीड नव्हे. पीस झडण्याच्या काळात मानेपासून पिसं जातात आणि खाली नव्या पिसांचे काटे दिसतात. फक्त पाठीवर टक्कल असेल तर ते बहुधा कोंबडा चढल्यानं पडलेलं असतं. अशा कोंबडीला औषध लावून तिला त्रास देऊ नका.

एक डोस देऊन थांबणं

आपल्याकडं मिळणारी उवांची औषधं जिवंत उवा मारतात, लिखांना काही करत नाहीत. लीख ४ ते ७ दिवसांत फुटते, पिलू कात टाकत दोन आठवड्यांच्या आत मोठं होतं आणि अंडी घालू लागतं. म्हणून पहिल्या डोसनंतर आठ ते दहा दिवसांनी दुसरा द्यायचाच. त्या वेळी सगळ्या लिखा फुटलेल्या असतात आणि नव्या उवा अजून अंड्यावर आलेल्या नसतात. भार जास्त असेल तर त्याच अंतरानं तिसरा. १ तारखेला पहिला दिला तर ९ ला दुसरा, १७ ला तिसरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा, कारण कोंबडी बरी दिसली की दुसरा डोस हमखास राहतो. पिसाच्या बुडाला चिकटलेले लिखांचे मोठे गठ्ठे असतील तर ते पीसच कात्रीनं बुडाजवळ कापून जाळून टाका.

सगळ्यांना एकाच दिवशी द्या, कोंबड्यालाही. तो अनेकदा सुटतो कारण पकडायला अवघड असतो, आणि दर कोंबडीवर चढून उवा पुन्हा वाटत फिरतो.

फवारणीचं औषध, टोपणाच्या मापानं

डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचं नाव जनावरांच्या औषधाच्या बाटलीवरही असतं आणि शेतातल्या फवारणीच्या बाटलीवरही. जनावरांच्या औषधात ते साधारण १.२५ टक्के असतं, म्हणजे १ मिलीत १२.५ मिलिग्रॅम. लिटरभर पाण्यात १ ते २ मिली टाकलं की १२.५ ते २५ पीपीएमचं (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) द्रावण होतं आणि उवांना ते पुरतं. दहा लिटरच्या बादलीला १० ते २० मिली. शेतातलं डेल्टामेथ्रिन २.८ टक्के असतं. तेच २ मिली टाकलं तर द्रावण दुपटीहून कडक होतं, वर त्यातला विद्रावक (औषध विरघळवणारा द्रव) पिकासाठी असतो, कातडीसाठी नव्हे. सायपरमेथ्रिन २५ टक्के हे तर १ मिलीत २५० मिलिग्रॅम. ‘औषध तेच आहे की’ म्हणून ते कोंबडीवर वापरणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण. बाटलीवर कोंबडीचा उल्लेख नसेल तर प्रमाण आणि अंडी किती दिवस खायची नाहीत, हे दोन्ही पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा. माप सिरिंजनं घ्या. टोपण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

बुडवताना होणाऱ्या चुका छोट्या असतात, पण कोंबडी त्यातच दगावते. ऊन पडलेल्या दिवशी सकाळी दहा ते बारामध्ये करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत अंग वाळतं. पावसाळी हवेत बुडवू नका, तेव्हा वेखंडासारखी भुकटी बरी. आधी कोंबडीला पोटभर पाणी पिऊ द्या, नाहीतर ती ओल्या पिसांवरचं औषध पिते. पाणी कोमट घ्या. मान वर धरून अंग बुडवा, पिसं उलट्या दिशेनं चोळा म्हणजे पाणी कातडीपर्यंत जाईल, वीस-तीस सेकंदांत बाहेर काढा. डोकं कधीही बुडवू नका, द्रावणात पिळलेल्या फडक्यानं डोळे-चोच टाळून मागून पुसा. रबरी हातमोजे घाला. पिल्लांना आणि आजारी कोंबडीला बुडवायचं नाही. उरलेलं पाणी नाल्यात, विहिरीजवळ किंवा शेततळ्याकडं ओतू नका, या गटातली औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. घरात मांजर असेल तर कोंबड्या वाळेपर्यंत ते लांब ठेवा.

आजोबांच्या काळची पावडर

गॅमॅक्झिन म्हणजे बीएचसी हे जुनं कीटकनाशक. भारतात त्यावर १९९७ पासून बंदी आहे. कार्बारिल २०१८ मध्ये बंद झालं आणि शेडमध्ये सर्रास मारलं जाणारं डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस. तरी कोठीत जुना डबा निघतोच आणि ‘हे असलं जालीम आता मिळत नाही’ म्हणून जपला जातो. मिळत नाही त्याला कारण आहे: यातलं बीएचसी चरबीत साठतं आणि अंड्यातून आपल्याच पोटात येतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंबही कोंबडीला नकोत. २०१७ मध्ये नेदरलँड आणि बेल्जियममधल्या फार्मवर लाल माइटसाठी फिप्रोनिल वापरलं गेलं आणि युरोपभर लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली.

घरगुती उपायांत वेखंडाची पूड चांगली. बारीक वस्त्रगाळ करून राखेत मिसळायची आणि पंखांखाली, शेपटीखाली, मांड्यांच्या आत बोटांनी चोळायची. वरून भुरभुरली तर ती पिसांवरच राहते. सीताफळाच्या बियांची पूडही उवा मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, कोंबडीच्याही आणि तुमच्याही. उघड्या अंगणात वाऱ्यावर ती वापरू नये. तंबाखूचं पाणी तर नकोच, निकोटिन कातडीतून भिनतं.

खुराडं विसरणं

लाल माइट न खाता-पिता काही महिने आणि गोचीड वर्षाहूनही जास्त काळ तग धरतो. त्यामुळं ‘खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं’ याला अर्थ नाही. ते कुठं लपतात ते पाहायचं तर दांडी उचलून तिची टोकं बघा. बांबूची दांडी कापली की पोकळ नळी उघडी पडते आणि ती माइटची वसाहत होते. वरून कितीही फवारा, आत थेंब जात नाही. टोकं सिमेंटनं बुजवा किंवा तासलेलं भरीव लाकूड वापरा. थंडीसाठी टांगलेलं गोणपाट, त्याच्या घड्या, खिळ्यांची भोकं, अंड्याच्या खोक्याचा तळ, मातीच्या भिंतीच्या भेगा ही बाकीची घरं. कोंबड्या आंब्यावर झोपत असतील तर सालीखालीही गोचीड निघतो.

करायचं असं: दिवसा कोंबड्या बाहेर काढा. भाताचा तूस, पेंढा सगळं काढून लांब नेऊन जाळा, उकिरड्यावर टाकू नका. खरवडा, उकळतं पाणी ओता, वाळू द्या. मग सांध्यांतून ओघळेपर्यंत औषध फवारा. भेगा मातीनं लिंपा, वरून ताज्या चुन्याचा हात द्या. पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत. उन्हाळ्यात लाल माइटची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, म्हणून सहा-सात दिवसांनी फवारणी पुन्हा. गोचिडासाठी पुढं दोन-तीन महिने दर महिन्याला. लोखंडी खुराड्याला ब्लो-टॉर्च फिरवता येतो, गवती छपराखाली तो विचारही नको. दांडी भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवून तिचे पाय जळक्या ऑइलच्या वाट्यांत उभे केले तर भिंतीतून येणारी कीड तिथंच अडकते. वाट्यांवर जाळी मात्र लावा.

खुडूक कोंबडीला तशीच बसवणं

एकवीस दिवस ती धुळीत लोळत नाही, जवळपास उठतच नाही. उवांना याहून बरा काळ नाही. भार वाढला की ती अंडी सोडून उठते, आणि पिल्लं निघाली की उवा त्यांच्या डोक्यावर चढतात. कोवळं पिलू यात मरतं. अंड्यांवर बसवण्याआधी दोन-तीन दिवस भुकटी चोळा, बसल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा एकदा. शेवटचे चार दिवस काही नको. डालग्यात पेंढ्याखाली कडुनिंब किंवा निरगुडीचा पाला टाकतात तो टाका, पण त्यावर विसंबू नका.

पायाला रॉकेल

पायावरचे खवले उचललेले, खाली पांढरी खपली साठलेली, पाय जाड आणि ओबडधोबड असतील तर खवल्यांखाली माइट आहेत. रॉकेलनं कातडी भाजते. कोमट साबणपाण्यात पाच-दहा मिनिटं पाय भिजवा, जुन्या टूथब्रशनं हलकं घासा. खपली नखानं उचकटू नका, रक्त येतं. पुसून व्हॅसलीन किंवा एरंडेल जाड थरात लावा, गुडघ्यापर्यंत. हवा तुटली की किडा मरतो. आठवड्यातून दोनदा, किमान चार आठवडे. वाकडे झालेले जुने खवले पुढच्या पीस-झडीपर्यंत तसेच दिसतील, त्यावरून उपाय फसला असं समजू नका.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन

जनावरांच्या किडींवरच्या या औषधाच्या एक टक्क्याच्या बाटलीत १ मिलीला १० मिलिग्रॅम असतात. किलोला ०.२ मिलिग्रॅम धरलं तर दीड किलोच्या कोंबडीला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ०.०३ मिली. गाईच्या सिरिंजनं ‘थोडंसं’ अर्धा मिली दिलं की सोळा पटीहून जास्त डोस गेला. शिवाय हे औषध अंड्यात उतरतं आणि पिसं-खपल्या खाणाऱ्या उवांवर भरवशाचं नाही. पशुवैद्यकाशिवाय हात लावू नये.

धुळीचा खड्डा पावसाळ्यात भिजू देणं

कोंबडीचं स्वतःचं औषध दोनच: धूळ आणि चोच. दोन फूट बाय दोन फूट, वीतभर खोल खड्डा छपराखाली करा. कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख अर्धी-अर्धी, त्यात दहाला एक भाग गंधकाची भुकटी. राख ओली झाली की तिखट होते, पाय भाजतात, म्हणून पावसाळ्यात हा खड्डा आधी झाकायचा. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख वापरू नका. चोचीचं म्हणाल तर पोल्ट्री फार्मवरून स्वस्तात आणलेल्या जुन्या लेअरची (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीची) चोच छाटलेली असते. तिला उवा वेचता येत नाहीत, त्यामुळं कळपात सगळ्यात जास्त उवा बहुधा तिच्याच अंगावर असतात. आधी तिला तपासा.

मानमोडी समजून बसणं

हिरवी हगवण, मान टाकणं, पटापट मर हे पाहिलं की रानीखेत, म्हणजे मानमोडी, धरला जातो. पण लसीकरण झालेलं असेल आणि पंखाखाली तिळाएवढे निळसर-लाल मणी चिकटलेले असतील, तर ती गोचिडाची पिल्लं असू शकतात (मोठ्या गोचिडासारखी ती दिवसा फटीत जात नाहीत). गोचीड स्पायरोकेटोसिस नावाचा रोग पसरवतो, आणि तो पेनिसिलिननं बरा होतो. रानीखेत तसा बरा होत नाही. म्हणून मेलेली कोंबडी पुरण्याआधी तिचे पंख उचलून बघा, आणि असे मणी दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवून रक्ताचा नमुना जिवंत, ताप आलेल्या कोंबडीचा द्या.

बाजारातून आणलेली तलंग (तरणी कोंबडी) किंवा कोंबडा मात्र तीन आठवडे वेगळ्या डालग्यात. पहिल्या दिवशी भुकटी, नवव्या दिवशी दुसऱ्यांदा, आणि एकविसाव्या दिवशी शेपटीखाली फुंकर मारून पाहिल्यावरच कळपात.