मराठी वळणाच्या इंग्रजीतील खटकणाऱ्या चुका कशा सुधाराव्यात

इंग्रजी बोलताना मराठी हेल आला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही, त्यामुळे तो घालवण्याच्या मागे लागू नये. ज्या चुकांपाशी ऐकणारा अडखळतो किंवा मनातल्या मनात चडफडतो, तेवढ्या आधी हेराव्यात.

सुरुवात 'व'पासून करावी. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू यांचे उच्चार वेगळे आहेत आणि आपला 'व' त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो, म्हणून द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू यांचे इंग्रजी शब्द आपल्या तोंडून सारखेच ऐकू येतात. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवून हवा घासत बाहेर सोडावी. डब्ल्यूसाठी दात ओठाला लागू न देता, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करावा. आरशासमोर 'व्हेरी वेल' म्हणून पाहावे: पहिल्या शब्दाच्या आरंभी दात ओठावर टेकलेले दिसले पाहिजेत, दुसऱ्याच्या आरंभी नाही. लिहिताना आपण 'व्ह' लिहितो खरे, पण त्यातला 'ह' उच्चारायचा नसतो.

झेडसाठी आपण सर्रास 'झ' वापरतो. त्याऐवजी 'स्स्स' असा आवाज लांबवावा आणि जीभ न हलवता त्यात घशाचा नाद मिसळावा, म्हणजे तो ध्वनी आपोआप साधतो.

भूतकाळाच्या ईडी प्रत्ययाचा 'आस्केड', 'वॉकेड' असा उच्चार फार खटकतो. घशावर बोट ठेवून मूळ क्रियापदाचा शेवटचा ध्वनी काढावा. थरथर जाणवली तर प्रत्यय 'ड' होतो, जसे 'प्लेड', आणि जाणवली नाही तर 'ट', जसे 'वॉक्ट'. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच 'वॉन्टिड', 'नीडिड' असा 'इड' हा वेगळा उच्चार येतो. 'डेट' म्हणजे कर्ज आणि 'डाउट' यांतला बी तर मुळीच उच्चारू नये. लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी तो केवळ स्पेलिंगमध्ये घुसवला आहे.

व्याकरणाच्या चुका बहुधा मराठी वाक्य जसेच्या तसे उलटवल्याने होतात. 'माझा एक मित्र' डोक्यात असल्यामुळे 'वन ऑफ माय फ्रेंड' निघून जाते. तेथे 'फ्रेंड्स' हवे. 'बद्दल चर्चा' करण्याच्या सवयीने 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येते, ते गाळावे. 'दोन वर्षांपासून'साठी 'सिन्स टू इयर्स' म्हणू नये: आरंभबिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स 2022', कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर टू इयर्स'. 'डिड नॉट वेंट'मध्ये भूतकाळ दोनदा येतो, म्हणून 'डिड नॉट गो'. 'प्रीपोन'वरून मात्र कोणी नाक मुरडले तर खुशाल दुर्लक्ष करावे. तो भारतीय इंग्रजीतला चांगला उपयोगी शब्द आहे.

सर्वांत घोटाळा होतो तो नकारार्थी प्रश्नाच्या उत्तरात. 'डिडन्ट ही कम?' असे विचारल्यावर आपण 'हो, नाही आला' या धर्तीवर नुसते 'येस' म्हणतो आणि समोरचा तो माणूस आला असे समजून चालतो. इंग्रजीत प्रश्न कसाही असो, आला असेल तर 'येस' आणि आला नसेल तर 'नो' म्हणावे. गोंधळ वाटल्यास दोन्ही शब्द टाळून सरळ 'ही डिडन्ट कम' असे पूर्ण वाक्यात सांगावे.