मुंबईहून न्यूअर्कला येताना तास कसे मोजावेत

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन आणि आसपासच्या गावांत नव्याने येणारी मराठी कुटुंबे बहुधा ‘विमानाला किती तास लागतात’ एवढेच विचारतात. मुंबई आणि इथले न्यूअर्क विमानतळ यांच्यातले हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमान येताना साधारण सोळा तास घेते आणि परतताना दीड-दोन तास कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे येताना समोरून आणि जाताना पाठीमागून लागतात. वाटेतल्या एखाद्या देशाचे आकाश विमानांसाठी बंद झाले की वळसा पडतो, म्हणून जुन्या प्रवाशाच्या आठवणीपेक्षा आपल्या तिकिटावरची वेळ प्रमाण मानावी.

तिकिटावरच्या वेळा मात्र त्या-त्या शहरातल्या घड्याळाच्या असतात, हे नीट ध्यानात ठेवा. हिवाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेदहा तास मागे असते. मुंबईहून रात्री दीडला निघालेले विमान सोळा तास उडून त्याच तारखेला सकाळी सातला उतरते. उलट शनिवारी दुपारी साडेचारला इथून निघालात, तर मुंबईत रविवारची संध्याकाळ झालेली असते. पहिल्या वर्षी मी भावाला निघण्याचीच तारीख पोहोचण्याची म्हणून कळवली. तो पुण्याहून येऊन संध्याकाळभर विमानतळाबाहेर ताटकळला आणि मी इथे अजून सामान बांधत होते. त्याचे मला आजही वाईट वाटते.

दुबई, दोहा किंवा युरोपमार्गे आलात तर प्रवास वीस-बावीस तासांच्या पुढे जातो. अबू धाबीहून येणाऱ्यांची अमेरिकन इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, त्यामुळे तिथला थांबा भरपूर ठेवा. अमेरिकेतच शिकागोसारख्या ठिकाणी विमान बदलायचे असेल, तर तिथे सामान स्वतः उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावे लागते. तीन तासांपेक्षा कमी वेळ हातात असलेले तिकीट मी कोणालाही घेऊ देत नाही, वयस्कर आईवडिलांना तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी.

पुण्याहून निघणाऱ्यांनी विमानतळापर्यंतचे चार तास (पावसाळ्यात त्याहून अधिक), तीन तास आधीची हजेरी आणि इथली रांग धरली, तर थेट विमानानेही दारापासून दारापर्यंत पंचवीस-सव्वीस तास सहज होतात.

त्यानंतर उरते ती झोप. शरीर दिवसाला साधारण एका तासाने जुळवून घेते, म्हणून शक्यतो पहिल्या आठवड्यात नोकरीवर रुजू होऊ नका. दुपारी तीनला पापण्या जड होतात, कारण शरीराच्या लेखी रात्रीचा दीड वाजलेला असतो. तेव्हा पलंगाकडे न वळता मुलांना घेऊन उन्हात फिरून या.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. भारतातली बदलत नाहीत. रविवारी सकाळी नऊला फोन करायची सवय असेल, तर नोव्हेंबरात तो घरी संध्याकाळी साडेसहाऐवजी साडेसातला पोहोचेल. आदल्या शनिवारीच आईला तसे सांगून ठेवा, म्हणजे ती तासभर काळजीत बसणार नाही.